विद्यार्थ्यांचा ऑनलाइन पोर्टफोलिओ आणि प्रगतीच्या नोंदी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही पानं पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी आहेत. वर्गात २५-३० मुलं, शिक्षकाकडे एक मोबाइल, शाळेत फार तर एक टॅब आणि येऊन-जाऊन चालणारं नेट एवढंच गृहीत धरलं आहे.

पोर्टफोलिओ म्हणजे नेमकं काय? मुलांच्या कामाचे फोटो तर आम्ही काढतोच.

फोटोंचा साठा म्हणजे पोर्टफोलिओ नाही. फोटो बहुतेक वेळा सगळ्यात सुबक वहीचा, सजवलेल्या तक्त्याचा किंवा स्नेहसंमेलनाचा असतो. पोर्टफोलिओत एकाच मुलाचं एकाच प्रकारचं काम ठरावीक अंतरानं ठेवलेलं असतं. जुलैतलं पाच वाक्यांचं लेखन, ऑक्टोबरातलं तसंच लेखन आणि मार्चमधलं तसंच लेखन शेजारी ठेवलं की मूल कुठून कुठे आलं ते दिसतं. त्यात चुकलेलं कामही असलं पाहिजे. चुका पुसून टाकल्या तर सांगण्यासारखं काही उरत नाही.

आकारिक (वर्गात सतत चालणाऱ्या) मूल्यमापनाची नोंदवही आहेच. मग हे आणखी एक काम कशाला?

आणखी एक काम म्हणून करणार असाल तर करूच नका. दोन महिन्यांत बंद पडेल.

महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. पहिली-दुसरीला आकारिकचा भार ७० टक्के आणि संकलितचा (सत्राच्या शेवटच्या मूल्यमापनाचा) ३० टक्के ठेवला गेला. पुढे इयत्ता वाढेल तसा आकारिकचा वाटा कमी होत सातवी-आठवीला ४० वर येतो. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर, अशी आठ साधनं दिली. कल्पना चांगलीच होती. प्रत्यक्षात मात्र तयार ‘वर्णनात्मक नोंदीं’च्या पीडीएफ फिरू लागल्या आणि सत्र संपताना ‘वर्गकार्यात उत्साहाने सहभागी होतो’ हे वाक्य तीस मुलांपुढे उतरवलं जाऊ लागलं. अशी नोंद वाचून पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला काहीही कळत नाही.

पोर्टफोलिओ नीट ठेवला तर ही उतरवाउतरव संपते. सत्राच्या शेवटी मुलाचा फोल्डर उघडायचा, त्याच्या कामाचे दोन तुकडे ऐकायचे-पाहायचे आणि तिथेच नोंद लिहायची: ‘जोडाक्षरं वाचताना थांबतो, पण अडलेला शब्द स्वतः दुरुस्त करतो. लेखनात पूर्णविराम येऊ लागले.’ नोंदवहीतल्या ‘विशेष प्रगती’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यांना खरा आधार मिळतो.

किती आणि काय ठेवायचं?

थोडं. महिन्याला प्रत्येक मुलामागे दोन तुकडे पुरतात: एक भाषेचा, एक गणिताचा. वर्षभरात वीसच्या आसपास होतात. भाषेत एका महिन्यात वाचनाचा आवाज, पुढच्या महिन्यात लेखनाचा फोटो. गणितात उत्तराचा नव्हे, सोडवलेल्या पायऱ्यांचा फोटो.

त्याशिवाय दर सत्रात एक तुकडा मुलानं स्वतः निवडलेला असावा. विज्ञान, परिसर अभ्यास, कला यांचं काम मनात भरलं तर ठेवा, सक्ती नको.

कोणतं अॅप घ्यावं?

सुरुवातीला कोणतंच नवं नको. गूगल ड्राइव्ह आणि गूगल शीट पुरे. शाळेच्या नावाचं वेगळं खातं काढा. शिक्षकाचं खासगी खातं वापरू नका, कारण बदली झाली की पोर्टफोलिओही त्यांच्याबरोबर जातो. पासवर्ड मुख्याध्यापकांकडे लेखी ठेवा आणि खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांकही शाळेकडे राहील असाच द्या.

मांडणी अशी करा: ‘२०२५-२६’ हा फोल्डर, त्यात ‘इयत्ता ३री’, त्यात प्रत्येक मुलाचा हजेरी क्रमांकानं फोल्डर. फाइलचं नाव ‘क्रमांक-विषय-महिना’ एवढंच, म्हणजे ‘१४-वाचन-०७’. महिना आकड्यातच लिहा, म्हणजे फाइली आपोआप महिन्यांच्या क्रमानं लागतात; फक्त जानेवारीपासूनच्या (०१, ०२, ०३) आधी येतात. ‘जुलै’, ‘ऑगस्ट’ असं लिहिलं तर अक्षरांच्या क्रमात ऑगस्ट जुलैच्या आधी येतो. नावच दिलं नाही तर ‘आयएमजी’नं सुरू होणाऱ्या सहाशे फाइलींत काही सापडत नाही. बहुतेक प्रयत्न इथेच फसतात.

जागा पुरेल का?

मोफत खात्यात १५ जीबी मिळते आणि त्यात मेलही मोजला जातो. ३० मुलं, महिन्याला दोन तुकडे, दहा महिने म्हणजे ६०० फाइली. प्रत्येक फाइल अर्धा ते एक एमबी धरली तरी सगळं मिळून ३०० ते ६०० एमबी. म्हणजे फोटो आणि आवाजाला काहीच अडचण नाही. जागा खातो तो व्हिडिओ: साध्या मोबाइलच्या फुल एचडी चित्रणाला मिनिटामागे शंभर एमबीच्या आसपास लागतात. वाचन तपासायला चेहरा दिसण्याची गरज नसते. आवाजच रेकॉर्ड करा.

वहीचा फोटो घेताना कॅमेऱ्याऐवजी ड्राइव्हमधली स्कॅनची सोय वापरा. पान सरळ कापलं जातं आणि पेन्सिलची फिकट अक्षरं उठून दिसतात. खिडकीजवळ, वरून, स्वतःची सावली पानावर न पडू देता.

वाचनाची नोंद नेमकी कशी घ्यायची?

हा भाग नीट केला तर बाकीचं निम्मं काम झालं, म्हणून थोडं सविस्तर.

इयत्तेच्या पातळीचा पण मुलानं आधी न वाचलेला ८०-९० शब्दांचा उतारा घ्या. पाठ्यपुस्तकातला धडा नको, तो अनेकांना तोंडपाठ असतो. शिक्षकाच्या प्रतीवर प्रत्येक ओळीच्या शेवटी तिथपर्यंतचे शब्द लिहून ठेवा: ८, १७, २५ असे. मूल वाचायला लागलं की घड्याळ आणि रेकॉर्डर सुरू. चुकलेल्या शब्दावर रेघ ओढा. अडलं तर तीन सेकंद थांबा, मग शब्द सांगा आणि तो चुकीत धरा. मुलानं स्वतः दुरुस्त केला तर बरोबर धरा. एक मिनिट झालं की जिथे पोचलं तिथे उभी रेघ. ५२ व्या शब्दापर्यंत पोचलं आणि ६ चुकले, तर नोंद ४६. थांबवू नका, उतारा पुरा वाचू द्या आणि मग चार प्रश्न विचारा: दोन उताऱ्यात सरळ सापडणारे, दोन विचार करून सांगायचे.

पायाभूत वाचन-गणितासाठीच्या निपुण भारत अभियानात (जुलै २०२१) दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या शेवटी किमान ६० शब्द, तेही समजून, असं लक्ष्य मांडलं आहे. पण मराठीत उताऱ्याउताऱ्यात फार फरक पडतो. ‘नळ, घर, आई, बस’ अशा शब्दांचा उतारा आणि ‘शेजाऱ्यांच्याबरोबर’, ‘विहिरीजवळून’ असे प्रत्यय लागून लांबलेले शब्द असलेला उतारा यांत शब्दसंख्या सारखी असली तरी वेग सारखा येणार नाही. वर्षभराचे सगळे उतारे आधीच निवडा, लांब शब्द आणि जोडाक्षरं सगळ्यांत साधारण सारखी ठेवा.

बोलीचा उच्चार चूक धरू नका. मुलानं ‘पाणी’ला ‘पानी’ किंवा ‘डोळा’ला ‘डोया’ वाचलं तर त्यानं शब्द ओळखला आहे. विदर्भात आणि खानदेशात ही गोष्ट पाळली नाही, तर निम्म्या वर्गाच्या नावावर नसलेल्या चुका चढतात आणि मूल मोठ्यानं वाचायलाच कचरतं.

मिनिटाचे शब्द वाढले म्हणजे वाचन सुधारलं ना?

प्रश्नांची उत्तरंही सुधारली असतील तरच. मिनिटाला ७० शब्द वाचून चारपैकी एकच उत्तर देणाऱ्या मुलाला वेगाचा सराव देऊ नका, त्याच्याशी उताऱ्याबद्दल बोला. वेगाची स्पर्धा लावली की मुलं शब्द गिळतात.

गणितात प्रश्नवार गुण भरले की पुरे ना?

गुण सांगतात की चुकलं. का चुकलं ते पायऱ्या सांगतात. ५२ वजा २७ या उदाहरणात एका मुलानं ३५ लिहिलं, दुसऱ्यानं २४. दोघांनाही शून्य. पहिल्यानं एककात २ मधून ७ जात नाहीत म्हणून उलटे ७ मधून २ वजा केले. त्याला हातच्याची वजाबाकी समजलेलीच नाही. त्याच्यापुढे दशकाचा गठ्ठा सोडून दहा काड्या मोकळ्या करून दाखवाव्या लागतील. दुसऱ्याला रीत येते, तो मोजताना एकानं घसरला. त्याला काड्यांकडे परत नेलं तर तो कंटाळेल.

तिसरी चूक खास आपल्याकडची. ‘त्रेपन्न’ ऐकून मूल ३५ लिहितं, कारण कानावर आधी तीन पडतात आणि मग पन्नास. तोंडी सांगितलेल्या उदाहरणात ही चूक झाली तर पुढचं सगळं गणित बरोबर रीतीनं केलेलं असूनही उत्तर चुकतं. म्हणून गुणाशेजारी एक अक्षर लिहा: ह म्हणजे हातचा, स म्हणजे स्थानिक किंमत, म म्हणजे मोजणी, वा म्हणजे शाब्दिक उदाहरण वाचून समजलं नाही. चार अक्षरं पुरतात. दहा केली तर तुम्हालाच आठवणार नाहीत.

प्रगतीचा तक्ता कसा मांडायचा?

एका शीटमध्ये आडव्या ओळींत मुलं, उभ्या रकान्यांत कौशल्यं. ‘गणित १५/२०’ असा रकाना नको. ‘बिनहातच्याची वजाबाकी’, ‘हातच्याची वजाबाकी’, ‘शाब्दिक उदाहरण’ असे वेगळे रकाने हवेत. एका सत्रात एका विषयाला आठ ते दहा रकाने पुष्कळ झाले. प्रत्येक चौकटीत ०, १ किंवा २: अजून नाही, मदतीनं जमतं, स्वतः जमतं. मग फॉरमॅटमधून आकड्यानुसार रंग द्या, ० ला लाल. एखादा रकाना उभाच्या उभा लाल दिसला तर अडचण शिकवण्यात आहे. एखादी ओळ आडवी लाल दिसली तर त्या मुलाकडे वेगळं पाहायला हवं.

मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून ‘४५’ टाइप केलं तर शीट त्याला अनेकदा आकडा न समजता मजकूर समजते आणि बेरीज शून्य येते. शीटमध्ये अंक इंग्रजी कीबोर्डवरूनच भरा. ‘गैरहजर’साठी ० कधीच लिहू नका, चौकट रिकामी सोडा. शून्य लिहिलं की सरासरी खाली येते आणि न तपासलेलं मूल नापास दिसतं.

वर्गाची सरासरी काढावी का?

काढा, पण तिच्यावर निर्णय घेऊ नका. २५ मुलांच्या वर्गात १५ जणांना २० पैकी १८ आणि १० जणांना ८ मिळाले, तर सरासरी १४ येते. चौदा गुणांचं मूल त्या वर्गात एकही नाही. चौदाच्या पातळीवर शिकवलं तर पंधरा मुलं कंटाळतात आणि दहांना कळत नाही.

मग तक्ता पाहून पुढे करायचं काय?

पंधरा दिवसांतून एकदा वीस मिनिटं तक्त्यासमोर बसा आणि एकच कौशल्य निवडा. निम्म्याहून जास्त मुलांना येत नसेल तर ते पूर्ण वर्गाला पुन्हा शिकवा, पण वेगळ्या साहित्यानं. त्याच फळ्यावर तेच उदाहरण पुन्हा सोडवून फरक पडत नाही. पाच-सात मुलं अडली असतील तर त्यांचा गट करून दोन आठवडे रोज पंधरा-वीस मिनिटं द्या. बाकीच्यांना त्या वेळी स्वतंत्र वाचन किंवा सराव. एक-दोनच असतील तर जोडीदार द्या आणि त्यांची वही रोज स्वतः पाहा.

दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा, तेही तशाच पण नव्या उदाहरणांनी. तीच उदाहरणं दिली तर मुलं उत्तर आठवून लिहितात. जमलं की मूल गटातून बाहेर. प्रथम संस्थेच्या पद्धतीतही हाच गाभा आहे: प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पातळ्या ठरवायच्या, इयत्तेऐवजी पातळीनुसार गट करायचे आणि गट सतत बदलत ठेवायचे. वर्षभर तोच गट राहिला तर मुलं त्याला ‘ढ’ गट म्हणू लागतात, आणि तसं म्हणायला आपणच शिकवलेलं असतं.

या वीस मिनिटांना वेळ मिळत नसेल तर आधी नोंदी कमी करा. ज्या नोंदीमुळे पुढच्या आठवड्याचं शिकवणं बदलत नाही, ती घेण्यात मुलाचाही वेळ जातो.

मागच्या वेळी १६ गुण होते, आता १३. मूल मागे पडलं का?

एवढ्यावरून सांगता येत नाही. २० गुणांच्या चाचणीत दोन गुणांचा एक प्रश्न म्हणजे दहा टक्के. प्रश्न अवघड होते का, मूल आदल्या आठवड्यात आजारी होतं का, घटक नवा होता का ते पाहा. सलग तीन नोंदी खाली गेल्या, किंवा पूर्वी पक्कं असलेलं एखादं कौशल्य डळमळलं, तर मात्र लगेच लक्ष घाला. अशा वेळी फोल्डरमधलं काम उघडून पाहिलं की कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

अभिप्राय कसा लिहावा?

‘छान’, ‘लक्ष द्या’, ‘सुधारणा हवी’ यांतून मुलाला काही करता येत नाही. काय जमलं, कुठे अडलं आणि पुढची एक कृती, एवढं लिहा. उदाहरणार्थ, ‘पावसाचा आवाज छान सांगितलास. ‘सुर्य’, ‘पुर्ण’ मध्ये उकार पाहा. हे दोन शब्द दुरुस्त करून तिसरं असंच एक शोध.’ एका वेळी एकच प्रकारची चूक दाखवा. पान लाल करून परत दिलं तर मूल पुढच्या वेळी चार ओळींऐवजी दोनच लिहितं, कारण कमी लिहिलं की चुका कमी होतात.

गुण आणि अभिप्राय एकाच वेळी देऊ नका. इस्रायलमधल्या रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फक्त अभिप्राय मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं, तर गुण आणि अभिप्राय दोन्ही मिळालेल्यांना त्याचा फायदा झाला नाही. मुलं गुण पाहतात, शेजाऱ्याचे विचारतात आणि वही मिटतात. आधी अभिप्राय द्या, दुरुस्ती करू द्या, दुरुस्त केलेलं पान पहिल्याशेजारी ठेवा आणि गुण त्यानंतर.

यात मुलाचा वाटा काय?

पहिली-दुसरीतल्या मुलाला त्याचंच जुनं वाचन ऐकवा आणि विचारा, ‘आता काय वेगळं वाटतं?’ उत्तरही रेकॉर्ड करा. तिसरीपासून मूल निवडलेल्या कामाखाली दोन वाक्यं लिहू शकतं: हे का निवडलं आणि यात काय अवघड गेलं. सुरुवातीला सगळे ‘मला आवडलं म्हणून’ लिहितील. दोन कामं पुढे ठेवून ‘यातलं कोणतं तुला जास्त विचार करून करावं लागलं?’ असं विचारलं की उत्तरं बदलतात. परख या राष्ट्रीय मूल्यमापन केंद्राच्या समग्र प्रगती पत्रकातही मुलाचं स्वतःचं, मित्राचं आणि पालकांचं मत घेतलेलं आहे. त्यासाठी लागणारा मजकूर इथेच तयार होतो.

पालकांना काय दाखवायचं?

त्यांच्या मुलाचं काम, आणि फक्त त्यांच्याच मुलाचं. वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर गुणांची यादी टाकू नका, पहिल्या तिघांची नावंही नकोत. पालकसभेत प्रत्येक घराला पाच मिनिटं द्या आणि जुलैचं व डिसेंबरचं वाचन पाठोपाठ ऐकवा. ज्या आईला प्रगतीपत्रक वाचता येत नाही, तिलाही लेकराच्या वाचनातला फरक लगेच कळतो. नंतर घरी करायची एकच गोष्ट सांगा: रोज रात्री मुलाकडून दहा ओळी वाचून घ्या आणि ‘यात काय झालं?’ एवढंच विचारा.

मुलांच्या माहितीची काळजी कशी घ्यायची?

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचं तत्त्व घातलं आहे. शैक्षणिक कामापुरती शाळांना सवलत असली, तरी प्रवेशाच्या वेळी किंवा पहिल्या पालकसभेत साध्या मराठीत लेखी संमती घ्या: काय ठेवणार, कोण पाहणार, कधी काढून टाकणार.

फोल्डर ‘लिंक असलेल्या कोणालाही दिसेल’ असा कधीच ठेवू नका. लिंक एका गटातून दुसऱ्या गटात जायला वेळ लागत नाही. आधार क्रमांक, जात, आजार, घरची भांडणं यांतलं काहीही या फोल्डरमध्ये नको. अपलोड झालं की शिक्षकाच्या फोनमधली प्रत काढून टाका. समाजमाध्यमावर टाकण्याची परवानगी वेगळी मागा. पोर्टफोलिओची संमती तिला चालत नाही.

सरल, यू-डायस प्लस, विद्या समीक्षा केंद्र या सरकारी पोर्टलांवर माहिती भरतोच. ती पुरत नाही का?

ती व्यवस्थेसाठी आहे: किती मुलं, कोणत्या जिल्ह्यात काय अडतंय. पायाभूत आणि संकलित चाचण्यांचे प्रश्नवार गुण वर्गासाठीही उपयोगी आहेत, म्हणून भरण्याआधी स्वतःच्या शीटमध्ये एक प्रत ठेवा. पण सोमवारी सकाळी कोणत्या पाच मुलांना जवळ बसवायचं, हे पोर्टल सांगणार नाही.

नेट नसतं, तर?

आठवडाभर फोनमध्ये साठवा, नेट मिळेल तिथे शनिवारी एकदाच चढवा. व्हॉट्सअॅपनं पाठवायचं झालं तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर पेन्सिलचं लेखन पुसट होतं.

रोज किती वेळ जातो?

रोज पाच मुलं घेतली तर तीस मुलांची फेरी सहा दिवसांत होते. वाचनाला मुलामागे अडीच-तीन मिनिटं, फोटोला अर्धं मिनिट. महिन्याच्या शेवटी सगळ्यांचं एकदम करायला गेलात तर दोन दिवस जातात आणि नोंदी घाईत होतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांचं काय?

त्यांना पोर्टफोलिओची सगळ्यात जास्त गरज आहे. दिवाळीच्या सुमारास कुटुंब निघतं आणि मार्च-एप्रिलला परततं. मधल्या काळात मूल कारखान्याजवळच्या शाळेत बसलं, तर तिथल्या शिक्षकाला त्याची पातळी कळायलाच महिना जातो. निघायच्या आधी त्याचं शेवटचं वाचन, एक लेखन, एक गणित आणि तक्त्यातली त्याची ओळ एवढं एका पानावर छापून पालकांना द्या आणि नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांना पाठवा. मूल गावातच हंगामी वसतिगृहात राहिलं तर नोंदी आहेत तशाच चालू ठेवा. परत आल्यावर पहिल्या आठवड्यात तेच तीन तुकडे पुन्हा घ्या, म्हणजे हंगामात किती टिकलं ते समजेल.

वर्ष संपल्यावर या सगळ्याचं काय करायचं?

प्रत्येक मुलाचे सहा ते आठ तुकडे निवडा: वाचनाचा पहिला आणि शेवटचा आवाज, लेखनाचे दोन, गणिताचे दोन, मुलानं निवडलेले एक-दोन. हे तुकडे आणि तक्त्याची अंतिम ओळ पुढच्या इयत्तेच्या फोल्डरमध्ये हलवा, बाकीचं काढून टाका. नव्या वर्गशिक्षकाबरोबर जूनमध्ये तासभर बसून तक्ता दाखवा, आणि आधी ज्यांच्या ओळी अजून लाल आहेत त्या मुलांबद्दल बोला. मूल शाळा सोडून गेलं तर दाखल्याबरोबर प्रत द्या आणि आपल्याकडची फाइल संमतीपत्रात लिहिलेल्या मुदतीत काढून टाका.